सोनं तारण ठेवण्याआधी जुनी पावतीपुस्तकं काढा

प्रश्न : मी जलरंगात निसर्गचित्रं करते. वय 41, पुण्यात सहकारनगरला राहते. घरच्या चित्रकलेच्या क्लासचे महिना 25 हजार मिळतात. मिस्टरांची नोकरी कंत्राटी, मुलगा नववीत. मुंबईच्या एका खासगी गॅलरीत आठवडाभराचं एकल प्रदर्शन मिळतंय. भाडं, फ्रेमिंग, वाहतूक, कॅटलॉग धरून खर्च साडेतीन लाख. 30 चित्रं, सरासरी किंमत 15 हजार, गॅलरीचं कमिशन 33 टक्के. वीस तरी जातील असं ते म्हणतात. आठ वर्षांत बालगंधर्व आणि घोले रोडच्या कलादालनांत सत्तरेक चित्रं गेली. कोणी घेतली ते आता आठवत नाही. दीड लाखाची एफडी मोडून वर दोन लाखांचं सोनेतारण काढू, की सगळी रक्कम सोन्यावरच उचलू? वर्षाला 60 हजारांची एक विमा पॉलिसीही आहे, विमा 6 लाखांचा. तीन हप्ते भरलेत. एजंट 12 टक्के मिळतील म्हणतो.

उत्तर : दोन्ही करू नका. पंधरा हजारांतून कमिशन गेलं की हातात दहा. वीस चित्रं गेली तर दोन लाख, म्हणजे दीड लाखाचा खड्डा आणि वर सोन्यावरचं व्याज. तीसच्या तीस गेली तरी तीन लाखच. एकही चित्र परत आलं नाही तरी पन्नास हजार अंगावर! ज्या गॅलरीनं भाडं आधीच घेतलंय, तिला गिऱ्हाईक आणायची घाई नसते. 33 टक्के घेणाऱ्यानं स्वतःचे ग्राहक आणावेत; भाडं घेणाऱ्यानं कमिशन मागू नये. त्यांना एवढंच विचारा : मागच्या तीन प्रदर्शनांत चित्रकाराच्या ओळखीबाहेरच्या किती जणांनी खरेदी केली? उत्तर गोलमोल आलं तर विषय संपला.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रातली सगळ्यात महागात पडलेली ओळ म्हणजे ‘कोणी घेतली ते आठवत नाही’. पैसे मोजून तुमचं चित्र घरी नेलेली सत्तर माणसं याच शहरात आहेत, आणि तुम्ही अनोळखी गिऱ्हाईक शोधायला कर्ज काढताय.

आधी ती माणसं शोधा. जुनी पावतीपुस्तकं, बँकेच्या स्टेटमेंटमधल्या यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवर पत्ता पाठवलेले मेसेज. फ्रेमवाल्याची बिलबुकंही बघा. घरपोच दिलेल्या फ्रेमचा पत्ता त्याच्याकडे असतो. एका वहीत नाव, मोबाइल, चित्र, आकार, किंमत, महिना, आणि कोणाच्या ओळखीनं आले तेही लिहा. दुसरी यादी भाव विचारून गेलेल्यांची. प्रदर्शनाच्या अभिप्रायवहीत लोक ‘अप्रतिम’ लिहून सही करतात, त्याचा विक्रीला उपयोग शून्य. यापुढे कोण कोणत्या चित्रापाशी थांबलं, काय विचारलं, हे त्याच संध्याकाळी नंबरासकट टिपा. नुसतं कौतुक करणाऱ्यांची यादी करायची गरज नाही.

पहिला फोन विकण्यासाठी करू नका. जूनच्या सुरुवातीला करा, कारण कागदावरच्या चित्राला पुण्याच्या पावसाळ्यात बुरशी धरते. फ्रेमची पाठ बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकली की हार्डबोर्ड ओल ओढतो आणि माउंटवर (चित्राभोवतीच्या जाड कागदी चौकटीवर) तपकिरी ठिपके उठतात. खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवायला सांगा, हवा खेळती राहते. बाथरूमच्या भिंतीवर चित्र असेल तर हलवायला सांगा. मग विचारा, कुठे लावलंय, फोटो पाठवाल का? सोफ्यावर टांगलेल्या चित्राचा फोटो (त्यांच्या परवानगीनं) पुढच्या गिऱ्हाइकाला आकाराचा अंदाज देतो, तो कॅटलॉगनं येत नाही.

त्यानंतर वर्षातून चारच मेसेज. प्रत्येकात तीन-चार नवी चित्रं, दिवसाच्या उजेडात काच न लावता काढलेले फोटो, इंचांत आकार आणि फ्रेमसकट किंमत. ‘किमतीसाठी संपर्क साधा’ लिहिलंत की बरेच लोक संकोचानं विचारतच नाहीत. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरणार असाल तर लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. तो जूनचा फोन त्यासाठीही लागतो. भाव विचारून गेलेल्यांसाठी 8 बाय 10 इंचांची, नुसती माउंट केलेली कामं तीन-चार हजारांत ठेवा.

भाव मात्र सगळ्यांना एकच. पंधरा हजार दिलेल्या माणसाला तेवढंच चित्र दुसऱ्याला नऊला गेल्याचं कळलं, की तो कायमचा तुटतो. बाणेर-खराडीकडच्या नव्या फ्लॅटची कामं करणाऱ्या इंटिरियर डिझायनरना दहा-पंधरा टक्के द्यायला हरकत नाही, पण त्यांना भिंतीच्या मापाचं चित्र वास्तुशांतीआधी हवं असतं. तारीख पाळता येत नसेल तर होकार देऊ नका. आणि ‘पुढे किंमत वाढेल’ असं सांगून कधीच विकू नका. फेरविक्रीला तुमच्या चित्रांना आज बाजार नाही, आणि चित्र नफ्यात विकलं तर भांडवली नफ्यावर कर लागतो.

सत्तरातले पन्नास सापडले आणि त्यांतल्या आठांनी वर्षभरात एकेक चित्र घेतलं, तर फ्रेमचे दोन हजार वजा जाता लाखभर रुपये, तेही कमिशनशिवाय. दोन वर्षं असं जमलं की याच लोकांना नावानं बोलावून पुण्यातच तीन दिवसांचं प्रदर्शन करा. मुंबईचा विचार त्यानंतर.

आता पॉलिसी. क्लासच्या तीन लाखांतले साठ हजार, म्हणजे पाचवा हिस्सा, 6 लाखांच्या विम्यासाठी जातोय. अशा पारंपरिक पॉलिसीत पाच-सहा टक्के सुटतात. बारा टक्के म्हणणाऱ्याकडून ते लेखी मागा, मिळणार नाही. विमा कंपनीकडून सरेंडर (पॉलिसी आत्ता मोडली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर राहणारी रक्कम) हे दोन्ही आकडे लेखी घ्या. मिस्टरांची नोकरी कंत्राटी असल्यानं त्यांच्या नावावर टर्म विमा (बचत नसलेला, निव्वळ आयुष्याचा विमा) आणि तिघांचा आरोग्य विमा आधी सुरू करा; जुनी पॉलिसी त्यानंतरच बंद करायची. एफडीला हात लावू नका, अडीनडीला घरात सोनं सोडून दुसरं काही दिसत नाही. पुढचा हप्ता कधी आहे ते तुम्ही कळवलेलं नाही. त्याच्या महिनाभर आधी ते दोन्ही आकडे पाठवा.