ठेव माझी नव्हती, मग दुकान माझं का बसलं?

प्रश्न: पारोळ्याजवळ माझं बी-खतांचं दुकान आहे. मागे आमच्याकडची एक पतसंस्था बुडाली, माझा त्यात एक रुपया पण नव्हता, तरी दोन सीझन धंदा निम्म्यावर आला आणि उधारी अजून अडकलीय. ज्याचा पैसाच नाही त्याला फटका का बसतो? आधी कधी असं झालंय का?
– एक वाचक

उत्तर: झालंय भाऊ, आणि आपल्या कापसावरूनच झालंय. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, मग खान्देश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला आणि मुंबईत इतका पैसा आला की समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे पण शेअर निघाले, लोक तुटून पडले, आणि बँक ऑफ बॉम्बेनं तेच शेअर तारण धरून कर्जं वाटली. 1865 ला युद्ध संपलं, कापूस पडला, शेअर पडले. 2,850 रुपयांपर्यंत गेलेला बँकेचा स्वतःचा शेअर 87 वर आला आणि 1868 ला बँकच गुंडाळली.

आपल्या शेतकऱ्यानं तो शेअर डोळ्यानं पण पाहिला नसेल. पण त्याला उचल द्यायचा सावकार, सावकाराच्या मागे व्यापारी, व्यापाऱ्याच्या हुंड्या वटवणारी पेढी. वर पैसा आटला की खालची उचल आटते.

अमेरिकेत 1930 ते 33 मध्ये जवळपास 9,000 बँका बंद पडल्या, 1933 ला चारातला एक कामगार बेकार होता. बुडालेल्या ठेवी हे त्यातलं फक्त एक कारण. ज्या बँका टिकल्या त्यांनी पण घाबरून कर्ज देणं थांबवलं, लोकांनी नोटा घरात दाबून ठेवल्या. तुमच्याकडे पण तेच झालं असणार बघा, काही गिऱ्हाइकांचे पेरणीचे पैसे अडकले आणि ज्यांचे नाही अडकले त्यांनी पण हात आखडला.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगा, मला याची फार काळजी वाटते. केरळची पलाई सेंट्रल बँक 1960 ला बुडाली, त्यानंतर 1962 पासून ठेवींना विमा आला, तेव्हा 1,500 रुपयांपर्यंतच्या ठेवीला, 2020 पासून 5 लाखांपर्यंत. सहकारी बँकांना तो आहे, पतसंस्थांना नाही! आपल्याकडे लोक दोन्हींना ‘बँक’च म्हणतात आणि तिथंच फसतात.

उधारीचं म्हणाल तर ज्यांची ठेव अडकलीय त्यांची यादी वेगळी काढा, कापूस विकला की किती देणार ते लिहून सही घ्या, आणि पुढच्या बियाण्याला थोडं तरी रोख मागा.