शेजारच्या बागेतले केळीचे कंद घ्यावेत का?

प्रश्न (रावेर तालुका) : मृगबागेसाठी (जून-जुलैच्या लागवडीसाठी) शेजाऱ्याकडून कंद फुकट मिळताहेत. त्यांच्या बागेत गेल्या पावसाळ्यात काही झाडांवर हरण्या होता. निरोगी दिसणाऱ्या झाडांचेच कंद निवडून घेतले तर चालेल का? आणि बांधावरच्या काकडीवर फवारणी करूनही आठवड्यात मावा परत येतो, तो कसा?

उत्तर : कंद घेऊ नका. आपल्या केळीत बी धरत नाही, त्यामुळे झाडाची पुढची पिढी कंदातूनच येते. पील, म्हणजे कंदातून फुटणारा कोंब, हा आईच्याच अंगाचा तुकडा. आईचा घड, उंची, चव जशी उतरते, तसा तिच्या रसातला विषाणूही उतरतो. हरण्या हा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूचा रोग. लागण झालेल्या झाडावर पिवळे पट्टे लगेच दिसतीलच असं नाही, म्हणून नुसत्या नजरेनं निवड करण्यात अर्थ नाही. कंदप्रक्रियेनं (लावण्याआधी कंद औषधात बुडवण्यानं) बुरशी आणि किडींना आळा बसतो, आतला विषाणू मरत नाही.

कंदच लावायचे असतील तर रोग कधीच न आलेल्या बागेतले, तलवारीसारख्या अरुंद पानांचे, बुडाशी जाड असलेले मुनवे (म्हणजे पीलच) घ्या. रुंद पानांचे पाणमुनवे नकोत. ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं घेताना मात्र चौकशी करा. तीही एकाच आईची नक्कल असतात. आई रोगी निघाली तर हजारो रोपं रोगी निघतील. विषाणू चाचणी झाल्याचं प्रमाणपत्र मागा; रोपवाटिकावाला टाळाटाळ करू लागला तर दुसरीकडे जा.

आता मावा. आपल्याकडच्या उष्ण हवेत माव्याला नराची गरजच पडत नाही. मादी अंडीही घालत नाही, थेट पिल्लं देते. पिल्लंही सगळ्या माद्याच, आणि आठवडाभरात त्या स्वतः वितात. भिंगाखाली पान धरलं तर मोठ्या मादीभोवती तिचीच बारीक पिल्लं चिकटलेली दिसतात. म्हणजे फवाऱ्यातून पानामागे एक मादी वाचली तरी पुरते. म्हणून फवारा पानाच्या खालच्या बाजूला बसला पाहिजे. सुरुवातीलाच पाच टक्के निंबोळी अर्क वापरा. युरियाचा मारा कमी करा, कोवळी लुसलुशीत वाढ माव्याला फार मानवते. मावा खाणारे ढालकिडे दिसत असतील तर जहाल औषधाची घाई नको.

दोन्ही प्रश्नांचा धागा एकच आहे. काकडीवरचा मावाच सीएमव्ही केळीवर नेतो. रोगी झाडावर क्षणभर सोंड खुपसली तरी त्याला विषाणू घेता येतो, त्यामुळे फवारणीवर सगळी भिस्त ठेवू नका. केळीत किंवा बांधावर काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची घेऊ नका, तणही काढा. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ हवेत दर चार-पाच दिवसांनी बाग फिरा. पट्टे किंवा कुजका पोंगा (मधलं न उलगडलेलं पान) दिसला की आधी माव्यासाठी फवारा, मग झाड कंदासकट उपटून बागेबाहेर जाळा किंवा गाडा. नुसतं वरून छाटलं तर कंद पुन्हा पील फोडेल, आणि तीही रोगीच निघेल.