एका खोलीत गारवा, दुसरीत भट्टी : ठेकेदारावर केस होते का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका अंगणवाडी सेविका ताईंनी लिहिलं आहे, नाव-गाव मुद्दामच देत नाही. थोडक्यात असं आहे की मागच्या दिवाळीनंतर घर बांधून झालं, स्लॅबचं, तीन खोल्या आणि स्वयंपाकघर. मार्चमध्ये तालुक्याच्या एका ठेकेदाराकडून डक्टिंगचा, म्हणजे एकाच कूलरची हवा नळीतून सगळ्या खोल्यांत नेणारा, मोठा कूलर बसवला आणि स्लॅबवर तो पांढरा हीटप्रूफ कोट मारून घेतला. कूलर फिटिंगसकट 85 हजार, कोटचे 25 हजार, एकूण 1 लाख 10 हजार. त्यातले 90 दिले, 20 बाकी. ठेकेदार म्हणाला होता तिन्ही खोल्या सारख्या गार होतील. आता हॉलमध्ये रात्री चादर घ्यावी लागते आणि सासरे झोपतात त्या पश्चिमेकडच्या खोलीत रात्री दहा वाजता 37 डिग्री. ठेकेदाराला फोन केला तर म्हणतो तुमच्या घराची रचनाच तशी आहे, माझा काही दोष नाही, बाकीचे 20 द्या नाहीतर तुम्ही सेक्युरिटी म्हणून दिलेला चेक टाकतो, कूलरही उचलून नेतो. आणि शेवटी ताई विचारतात, बाबांना म्हणजे सासऱ्यांना हॉलमध्ये झोपवलं तर आपली केस कमजोर होईल का, कारण कोणीतरी सांगितलं की त्रास सिद्ध व्हायला ते त्याच खोलीत पाहिजेत.

ताई, आधी या शेवटच्याचं उत्तर देतो, कारण बाकी सगळं उद्या वाचलं तरी चालेल. बाबांची खाट आजच हॉलमध्ये घ्या. बीपीची गोळी घेणारा सत्तरीचा माणूस नवतपा म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस तोंडावर आले असताना तसल्या खोलीत झोपवायचा नाही, आणि ज्यानं तुम्हाला हे सांगितलं त्याला कायदा माहीत नाही. उलट करार कायद्याच्या कलम 73 मध्ये स्पष्टच आहे की नुकसान कमी करायला तुमच्या हातात काय होतं आणि ते तुम्ही केलं का, हेही पाहिलं जातं. बाबांना तिथंच ठेवून काही झालं तर ठेकेदाराचा वकील पहिलं तेच विचारेल, की दुसरी गार खोली असताना म्हाताऱ्या माणसाला तिथं ठेवलं कोणी? खोली गरम आहे हे सिद्ध करायला माणूस लागत नाही, थर्मामीटर लागतो, रिकाम्या खोलीचं रीडिंगही तितकंच चालतं.

आता केस होते का. होते. घर, कूलर, कोट हे सगळं तुम्ही स्वतःच्या राहण्यासाठी घेतलं, पैसे देऊन घेतलं, म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तुम्ही ग्राहक आणि त्याचं काम ही सेवा. बांधकामाशी जोडलेली कामं सेवा धरली जातात हे सुप्रीम कोर्टानं 1993 मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सांगून टाकलेलं आहे. कबूल केलं तसं काम केलं नाही की ती सेवेतली त्रुटी, साधा हिशोब. प्रश्न एवढाच राहतो की कबूल काय केलं होतं हे कागदावर कुठं आहे, आणि तुमच्या प्रकरणात नशिबानं आहे, तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये त्याचाच मेसेज आहे, "ताई तिन्ही रूम एकसारख्या थंडगार होणार, गॅरंटी माझी", आणि दुसरा, "90 मिळाले ताई 20 बाकी". हे दोन मेसेज म्हणजे तुमचा सातबारा समजा! बिल कच्चं आहे, 50 हजार नगद दिले त्याची पावती नाही, पण त्या दुसऱ्या मेसेजनं ते सगळं भरून निघतं. फोन बदलू नका, फॉर्मॅट मारू नका, चॅट डिलीट करू नका, भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रिंटआउटसोबत एक प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यासाठी मूळ फोन हातात असलेला बरा.

बिलावर खाली छापलंय ना, विकलेला माल परत घेतला जाणार नाही, त्याला घाबरू नका. बिघडलेला माल किंवा अर्धवट सेवा परत घ्यायला नकार देणं हीच नव्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, बिलावर मुदत दिली नसेल तर 30 दिवसांची मुदत कायदाच लावतो.

पण ताई, केस कागदावर नाही, त्या खोलीत जिंकायची आहे, आणि त्याला वेळ फार कमी आहे, हे नीट समजून घ्या. आज मे महिन्याची वीस तारीख, मृग लागतो 7 जूनला. पाऊस आला, हवा दमट झाली की कूलर कोणाच्याच घरात थंड करत नाही, कारण कूलर चालतोच मुळी पाण्याच्या वाफेवर, कोरड्या हवेत पाणी उडतं आणि हवा गार होते. जूनच्या शेवटी तपासणीला कोणी आलं तर तुमचा हॉलही चिकट आणि बाबांची खोलीही चिकट, फरक दिसणार कुठून? म्हणून पुढचे पंधरा-सोळा दिवस हेच तुमचे पुराव्याचे दिवस.

काय करायचं सांगतो. दोन सारखेच थर्मामीटर आणा, मेडिकलमध्ये किंवा शेतीच्या दुकानात मिळतात, आधी दोन्ही एकाच जागी तासभर ठेवून सारखंच दाखवतात का बघा, मग एक हॉलमध्ये आणि एक बाबांच्या खोलीत, दोन्हीकडे खाटेच्या उंचीवर, भिंतीला चिकटवून नाही. दुपारी तीन, संध्याकाळी सात, रात्री दहा, पहाटे पाच असं रोज वहीत लिहा. पहाटेचं रीडिंग विसरू नका, कारण पश्चिमेची विटांची भिंत दुपारभर ऊन पिते आणि रात्री आत ओकते, हॉल कधीचा उतरलेला असतो आणि ती खोली मध्यरात्रीनंतरही तापलेलीच असते, हा फरक वहीत आला पाहिजे.

दुसरं, वर्तमानपत्राची बोटभर रुंदीची पट्टी कापा आणि कूलर चालू असताना प्रत्येक खोलीतल्या जाळीसमोर धरा. तुम्ही लिहिलंय की कूलर पूर्वेला आहे, डक्ट हॉलवरून, मधल्या खोलीवरून दोन वळणं घेत शेवटी बाबांच्या खोलीत जातो आणि जाळ्यांना हवा कमी-जास्त करायची पट्टी म्हणजे डँपर नाहीच. मग काय होणार, पहिल्याच जाळीतून बहुतेक हवा निघून जाणार. हॉलमध्ये ती कागदाची पट्टी आडवी ताठ उभी राहील आणि बाबांच्या खोलीत नुसती हलेल, याचा एकाच दमात, न थांबवता, हॉलपासून शेवटच्या खोलीपर्यंत चालत व्हिडिओ काढा. मी ग्राहक आयोगात उभा राहतो तेव्हा दहा पानी युक्तिवादापेक्षा असा दीड मिनिटाचा व्हिडिओ जास्त कामाचा ठरतो, हे मी अनुभवानं सांगतो.

आता एक कडू गोष्ट. तुम्ही लिहिलंय की बाबांच्या खोलीची खिडकी धुळीमुळं आणि माकडांमुळं बंद ठेवता. ताई, डक्टचा कूलर बंद खोलीत चालत नाही, आत आलेली हवा बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर नवी हवा आत येणारच नाही, ठेकेदार पहिल्याच तारखेला हेच सांगेल. म्हणून आजच त्या खिडकीला जाळी ठोका आणि वीतभर उघडी ठेवा, आणि खिडकी उघडी ठेवूनच सगळी रीडिंगं घ्या. त्यानं खोली गार झाली तर देवाची कृपा, तुमची अर्धी तक्रार संपली, आणि ते प्रामाणिकपणे मान्य करा. नाही झाली तर त्याचा एक बचाव तुम्ही आधीच काढून घेतला. तसंच विजेचं, गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं हे त्यालाही माहीत आहे, तो म्हणेल मोटर फिरतच नाही तर हवा कुठून. त्यासाठी गावातल्या वायरमनकडून दोन-तीन वेळा व्होल्टेज मोजून वहीत लिहून ठेवा, आणि हेही लिहा की त्याच व्होल्टेजवर हॉल गार होत होता. एकच पंखा, एकच मोटर, तरी एक खोली गार आणि एक गरम, तर दोष विजेचा कसा?

स्लॅबच्या कोटचं वेगळं ठेवा, एकात एक मिसळू नका. त्याचे किती डबे आणले, किती हात मारले, डब्यावर प्रतिलिटर किती चौरस फूट लिहिलंय हे बघा, रिकामा डबा अजून माडीवर किंवा कोठ्यात पडला असेल तर जपून ठेवा, त्यावर बॅच नंबर असतो. बाराशे फुटाच्या स्लॅबवर चारशे फुटाचा माल मारला असेल तर तिथं वेगळं काही सिद्ध करायची गरजच नाही. पण कोट चांगला असला तरी तो फक्त वरून येणारं ऊन परतवतो, पश्चिमेच्या भिंतीला तो काहीच करत नाही, म्हणून या 25 हजारांचा दावा डबे मोजल्याशिवाय करू नका, उगीच खोटा आरोप नको.

शक्य झालं तर तालुक्यातल्या एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून दोन पानी रिपोर्ट घ्या, फोटोसकट आणि सहीशिक्क्यासकट. तोपर्यंत दुसऱ्या मिस्त्रीकडून डक्ट कापू नका, बदलू नका. रिपोर्ट आणि व्हिडिओ झाला, नोटिशीची मुदत गेली, की मग खुशाल दुरुस्त करून घ्या आणि ते बिल दाव्यात जोडा.

नोटीस साधी द्या, वकिलाचीच पाहिजे असं नाही. स्पीड पोस्टानं पोचपावतीसह आणि तिचाच फोटो व्हॉट्सॲपवर. मजकूर असा, "तुम्ही अमुक तारखेच्या मेसेजद्वारे तिन्ही खोल्या सारख्या गार होण्याची हमी दिली. 90,000 रुपये मिळाल्याचं तुम्ही कबूल केलं आहे. पश्चिमेकडील खोलीत हवा पोचत नाही, रीडिंग सोबत जोडलं आहे. सात दिवसांत जाळ्यांना डँपर बसवून व डक्ट दुरुस्त करून द्यावा. काम नीट झाल्यावर उरलेले 20,000 देण्यास मी तयार आहे." हे शेवटचं वाक्य अजिबात गाळू नका. माझं स्पष्ट मत आहे की पहिली मागणी दुरुस्तीची करा, पैसे परत मागण्याची नंतर. पाच-सात हजारांच्या कामात ती खोली सुधारू शकते, आणि तुम्हाला या उन्हाळ्यात गार खोली पाहिजे, पुढच्या वर्षीचा निकाल नाही.

आता तो चेक. तारीख न टाकता सही करून सेक्युरिटी म्हणून दिलात, ताई, हे पुन्हा कधी करू नका. सही केलेला कोरा चेकसुद्धा कलम 138 मध्ये, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याच्या कलमात येतो, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं बीरसिंग प्रकरणात हेच सांगितलं. तरी घाबरू नका. बँकेत लेखी अर्ज देऊन त्या नंबरचं पेमेंट थांबवा, कारण लिहा की काम अपुरं आहे, पोचची प्रत घ्या, नोटिशीतही तेच लिहा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, खात्यात 20 हजारांच्या वर रक्कम ठेवा, पासबुक भरून घ्या. पैसे खात्यात होते आणि पेमेंट खऱ्या वादामुळं थांबवलं हे दाखवता आलं तर 138 चा गुन्हा राहत नाही, हे 2001 मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलेलं आहे, फक्त ते दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. चेक न वटता परत गेला तर ठेकेदारानं तुम्हाला 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते, ती आली की पंधरा दिवसांच्या आत उत्तर द्या, घरी ठेवून देऊ नका, आमच्याकडे येणारे बहुतेक लोक इथंच चुकतात.

आणि कूलर उचलून नेतो म्हणतो ना, तो त्याला नेता येत नाही, माल तुमच्या घरी लागलेला आहे, बाकी पैशासाठी त्यानं कोर्टात जावं. माणसं घेऊन आला तर 112 लावा, भांडू नका, व्हिडिओ काढा.

सात दिवसांत काहीच झालं नाही तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता तिथंच करता येते, ठेकेदाराच्या गावी जायची गरज नाही, रक्कम 5 लाखांच्या आत असल्यानं फी शून्य, मुदत दोन वर्षांची, ई-जागृती पोर्टलवरून घरूनही दाखल होते, तालुक्यातल्या सेतूवाल्यालाही जमतं. वकील बंधनकारक नाही, आणि पाहिजेच असेल तर तुम्ही बाई असल्यानं उत्पन्न कितीही असो तालुका विधी सेवा समितीकडून फुकट मिळतो, कोर्टात जाऊन अर्ज करा. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकाल असं लिहिलंय, प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणून तक्रारीसोबतच अंतरिम आदेशाचा अर्ज जोडा की निकाल लागेपर्यंत डक्ट दुरुस्त करून द्यावा, आयोगाला तो अधिकार आहे.

गावातली तंटामुक्ती समिती बसवायची असेल तर बसवा, मला त्यात काही वावगं वाटत नाही, ठेकेदार आजूबाजूचाच आहे, चार लोकांसमोर बोलला तर कधी कधी तिथंच मिटतं. फक्त जे ठरेल ते लेखी घ्या, काय काम, कोणत्या तारखेपर्यंत, चेक परत कधी, दोघांच्या सह्या, आणि चेक हातात पडल्याशिवाय 20 हजारांतला एक रुपयाही देऊ नका.

थर्मामीटर उद्याच आणा. पाच दिवसांचं रीडिंग झालं की वहीच्या पानांचे फोटो, व्हिडिओ आणि बँकेची पोच मला पाठवा, नोटिशीत आकडे मी भरून देतो.