ॲनाफोरा: वेदीवरचा आणि वाक्यातला

प्रश्न असा आहे: पौर्वात्य ख्रिस्ती उपासनेत ‘ॲनाफोरा’ ही प्रार्थना असते, तर भाषाविज्ञानात तोच शब्द सर्वनामांच्या प्रकरणात भेटतो. हे दोन वेगळे शब्द आहेत का?

नाही, शब्द एकच, ग्रीक. ‘फेरो’ म्हणजे वाहून नेणे. मेख आहे ती ‘आना’ या उपसर्गात. त्याचा अर्थ ‘वर’ होतो, तसाच ‘मागे, पुन्हा’ असाही होतो. चर्चने पहिला घेतला, व्याकरणाने दुसरा.

जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात वेदीवर बळी अर्पण करण्यासाठी ‘आना’ लागलेलं हेच क्रियापद येतं. मराठी माणसाला हे पटकन कळावं, कारण आपणही ओझं वाहतो आणि देवाला फूलही वाहतो. पुढे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करतानाच्या मुख्य प्रार्थनेला ॲनाफोरा म्हणू लागले. बेसिल आणि ख्रिसोस्तोम या संतांच्या नावाच्या ॲनाफोरा आजही चालतात. त्याहून कुतूहलाची ‘अद्दई आणि मारी’ या संतांच्या नावाची. आजही वापरात असलेल्या अतिप्राचीन प्रार्थनांपैकी ही एक. ‘हे माझे शरीर आहे’ हे येशूचे शब्द एरवी या प्रार्थनेचा गाभा मानले जातात, पण तिच्या पारंपरिक पाठात ते नाहीतच! तरीही २००१ मध्ये व्हॅटिकनने ती ग्राह्य मानली. केरळचं सीरो-मलबार चर्च हीच ॲनाफोरा वापरतं, मात्र त्यांच्या पाठात ते शब्द घातलेले आहेत. या चर्चचा धर्मप्रांत १९८८ पासून आपल्या कल्याणलाही आहे. त्यांच्या उपासनेचं नाव ‘कुर्बाना’. आपली ‘कुर्बानी’ याच शब्दाच्या गोतातली, अरबी-फारसीतून आलेली.

‘पुन्हा’ या अर्थाने हा शब्द अलंकारातही भेटतो: अलंकारातला ॲनाफोरा म्हणजे लागोपाठच्या ओळी एकाच शब्दांनी सुरू करणं. ‘या देवी सर्वभूतेषु’ आठवा, झालं. प्रार्थनेतलं ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ मात्र यात बसत नाही. ती नुसती द्विरुक्ती, खरं तर त्रिरुक्ती.

भाषाविज्ञानात मागे नेलं जातं ते ऐकणाऱ्याचं लक्ष: सर्वनाम त्याला आधी आलेल्या नामाकडे नेतं. ‘मीनाने सुनीताला आपल्या घरी नेलं.’ घर मीनाचं, कारण ‘आपला’ कर्त्याकडे बोट दाखवतो. ‘तिच्या घरी’ म्हटलं की घर बहुधा सुनीताचं, नाहीतर तिसरीचंच. पण हेच ‘आपल्या घरी’ वाक्य बहीण फोनवर भावाला सांगत असेल, तर घर मीनाचंही नसेल, बहीण-भावाचं असेल. तिथे ‘आपल्या’ मागच्या कुठल्याच नामाकडे जात नाही, म्हणून तो ॲनाफोराही नाही.