खोकणारा पोपट

"आमचा पोपट संध्याकाळी म्हाताऱ्या माणसासारखा खोकतो. त्याला दमा झालाय का हो?" पोपटांच्या वागणुकीच्या तक्रारी घेऊन लोक माझ्याकडे येतात, त्यातल्या एका बाईंचा हा पहिलाच प्रश्न. पोपट म्हणजे आफ्रिकन ग्रे, आफ्रिकेतला राखाडी पोपट, वय चौदाच्या आसपास, दुसऱ्या घरातून दत्तक घेतलेला. आल्यावर काही आठवडे तो अगदी गप्प होता. वरच्या दांडीच्या टोकाला बसायचा, खोलीत कुणी नसलं की तेवढं खायचा. घरचे खूश, किती शहाणं पाखरू मिळालं म्हणून. मग एकाएकी खोकला सुरू झाला, गुरगुर सुरू झाली, यजमानांच्या बोटाला कडकडून चावला आणि मुलीच्या हातावर चक्क ओकला.

पोपट नवीन आणलेल्या घरांतून येणारी ही नेहमीची तक्रार. आधी चांगला होता, आता बिघडला. मला त्या 'आधी'चीच जास्त काळजी वाटते. पोपट हा इतरांची शिकार होणारा पक्षी. अनोळखी जागी तो अंग चोरून बसतो आणि नुसतं बघत राहतो. तेव्हा तो रुळलेला वाटतो, पण असतो घाबरलेला. आवाज आणि खोड्या बाहेर यायला लागल्या की निदान त्याची भीड चेपलीय एवढं तरी कळतं.

तरी खोकल्याचं नाव निघालं की मी वागणुकीवर एक शब्द बोलत नाही, आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे पाठवते. पोपट आजारपण शेवटपर्यंत लपवतो, आपल्याला दिसतं तोवर उशीर झालेला असतो. श्वासागणिक शेपूट वरखाली होते का, स्वस्थ बसलेला असताना चोच उघडी राहते का, दिवसभर पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसतो का, हे बाईंना विचारलं. नॉनस्टिक भांडं जास्त तापू दिलं जातं का, हेही विचारलं, कारण त्या थराची वाफ पक्ष्याचा बघता बघता जीव घेते. सगळ्याचं उत्तर 'नाही' आलं. डॉक्टरांच्या तपासणीत छाती साफ निघाली. पोपटाकडून माणसाला होऊ शकणाऱ्या सिटॅकोसिसची चाचणीही ठीक आली. वजनाची सवय तेव्हाच लावून दिली. रोज सकाळी, खाण्याआधी, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. ग्रेचं वजन साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतं. त्यातले ४०-५० ग्रॅम कमी झाले, तर मला फोन करू नका, डॉक्टरांना करा, असं सांगून ठेवलं.

मग वही. आधी काय घडलं, पोपटाने काय केलं, त्यावर घरच्यांनी काय केलं, एवढंच लिहायचं. 'रुसला', 'सूड उगवला' असलं काही लिहायचं नाही, डोळ्यांना दिसलं तेवढंच. बहुतेकांना या वहीचा कंटाळा येतो. बाईंनी मात्र नेटाने लिहिली, वर फोनवर व्हिडिओही काढून ठेवले.

खोकला दरवेळी मोठा दिवा बंद केल्यावरच येत होता. दिवा जायचा, टीव्ही सुरू राहायचा, आणि पोपट खोकून काहीतरी पुटपुटायचा. खोकला ऐकला की घरातले सगळे पिंजऱ्याशी धावायचे. मी बाईंना आधीच्या घरी फोन करायला सांगितला. तिथले आजोबा वारले म्हणून पोपट यांच्याकडे आला होता. ते रोज दिवा मालवून, खोकत खोकत पिंजऱ्याजवळ यायचे, त्यावर कापड टाकायचे, दोन शब्द बोलायचे आणि झोपायला जायचे. पोपटाने ते सगळं क्रमाने उचललं होतं. आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंनी १९७७ पासून २००७ पर्यंत ॲलेक्स या आफ्रिकन ग्रेबरोबर काम केलं. तो वस्तूंची आणि रंगांची नावं विचारल्यावर बरोबर सांगायचा. घरातले ग्रे तितके शिकलेले नसतात, पण कुठला आवाज कुठल्या वेळेचा हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. या बिचाऱ्याच्या हिशेबी कापड टाकायची वेळ झालेली असायची, आणि इथे मध्यरात्रीपर्यंत टीव्ही! पोपटाला दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते. पिंजरा संध्याकाळी आतल्या खोलीत न्यायला लागले, कापड वेळेवर पडू लागलं, तसा खोकला एकदोनदावर आला. तो पुरता बंद कसा करायचा, असं बाईंनी विचारलं. कशाला करायचा?

चाव्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं होतं. बाईंना तो एकदाही चावला नव्हता, त्यामुळे 'याला पुरुष आवडत नाहीत' असा निकाल घरात लागून गेला होता. व्हिडिओ पाहिले तर यजमान सकाळी अंघोळ करून, खांद्यावर टॉवेल टाकूनच दाणापाणी द्यायला येत होते. टॉवेल दिसला की पोपट मागच्या कोपऱ्यात जाऊन गुरगुरायचा. ग्रे घाबरले की अशीच गुरगुर करतात. आधीच्या घरी नखं कापताना त्याला टॉवेलात धरायचे, हे नंतर कळलं. यजमानांना टॉवेल बाहेर ठेवून यायला सांगितलं, आणि दोन दिवसांत गुरगुर कमी झाली.

पण चावा थांबला नाही. कारण दुसरीच एक गोष्ट चालू होती. हातावर चढण्याआधी पोपट चोच पुढे करून बोट चाचपतो. चोच हा त्याचा तिसरा पायच, फांदी भार घेईल का हे तो तिनेच बघतो. चोच पुढे आली की यजमान दचकून हात मागे घ्यायचे. पायाखालून आधार असा दोनचारदा निसटला की पोपट पुढच्या वेळी बोट घट्ट धरतो, आणि ते धरणं म्हणजेच आपला चावा. हात स्थिर ठेवायला माणसाला शिकवणं पोपटाला शिकवण्यापेक्षा अवघड! शेवटी हाताऐवजी लाकडी दांडीवर चढवायला सुरुवात केली. चढला की लगेच आवडीचा एक दाणा. चावला तर ओरडायचं नाही, पिंजऱ्यावर थापा मारायच्या नाहीत. ओरडणं ही कित्येक पोपटांना करमणूक वाटते.

मुलीच्या हातावरची ओकारी ही ओकारी नव्हतीच. मान वरखाली करत, डोळ्यांतली बाहुली लहानमोठी करत पोपट गिळलेलं अन्न वर आणून आवडत्या जिवाला भरवतो. आजारातली उलटी वेगळी असते, त्यात डोकं जोरात झटकलं जातं आणि अन्न डोक्याच्या पिसांना चिकटतं. मुलगी त्याच्या पाठीवरून आणि पंखांखाली हात फिरवायची, त्यातून त्याचा जोडीदाराचा समज झाला होता. आता फक्त डोकं आणि मान खाजवते. झोपताना येणारा चोच घासल्याचा करकर आवाज तर समाधानाचा आहे. त्याचीही काळजी घरच्यांना होती.

नखं मात्र वाढत होती, ती कधी ना कधी कापावी लागणारच. म्हणून आता टॉवेल पुन्हा खोलीत आणलाय, पण दारापाशी, घडी करून, जमिनीवर. पोपट त्याच्याकडे बघून शांत राहिला की दाणा मिळतो, आणि तो शांत असेल तरच घडी दुसऱ्या दिवशी थोडी पुढे सरकते. घाई करू नका, असं यजमानांना बजावलंय.