ही बाई चौदांतली की तिघींतली?

न्यायालयात लागणारं साथरोगशास्त्र (रोग कुणाला, किती आणि का होतो याचा अभ्यास) आणि जैवसांख्यिकी (आरोग्याच्या आकड्यांचं गणित): वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न (गेवराई, जि. बीड): माझी बहीण ऊसतोडीला जाते. पोटदुखीसाठी खासगी दवाखान्यात गेली, तर 'पुढं कॅन्सर होईल' म्हणून 31व्या वर्षी तिची गर्भपिशवी काढली. बीडचे आकडे पेपरात आले होते. ते दाखवून ग्राहक आयोगात दाद मागता येईल का?

उत्तर: जरूर मागा, भाऊ. पण नुसत्या त्या आकड्यांवर बहिणीची केस उभी राहणार नाही, हे आधीच सांगते.

2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं जी पाहणी आली, तीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात जवळपास 17. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत देशभरातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांत हेच प्रमाण शंभरात सुमारे 3 होतं. दोन्हीकडची वयं सारखी नाहीत, म्हणून सरळ तुलना करू नये. तरीही वय जुळवल्यावर एवढी दरी बुजेल, असं मला वाटत नाही.

समजा, सतरांतल्या चौदा शस्त्रक्रिया जादाच्या धरल्या. मी तज्ज्ञ म्हणून साक्षीला उभी राहिले, तर समोरचा वकील मला पहिलाच प्रश्न टाकेल: 'मॅडम, ही बाई चौदांतली की तिघींतली?' याचं उत्तर आकड्याजवळ नसतं. शिवाय फडावर संडास नाही, पाण्याचे हाल, पाळीतही डोक्यावर मोळ्या, लग्नं कोवळ्या वयात. या बायकांच्या तक्रारी खऱ्याच जास्त असतात. त्यामुळं जादा शस्त्रक्रियांचं सगळं माप डॉक्टरांच्या पदरात घालता येत नाही, आणि जो तज्ज्ञ तसं घालतो तो उलटतपासणीत टिकत नाही.

उत्तर फाइलमध्ये सापडतं. सोनोग्राफीत काय दिसलं? पॅप तपासणी (गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठीची) केली होती का? आधी औषधं किती दिवस दिली? काढलेली पिशवी तपासायला पाठवली का, आणि तिचा रिपोर्ट काय आला? रुग्णानं मागितल्यापासून 72 तासांत कागदपत्रं द्यावीत, असा वैद्यक परिषदेचा 2002 चा नियम आहे. पण त्याच नियमाप्रमाणं नोंदी तीन वर्षंच जपायच्या असतात, आणि ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची. तेव्हा अर्ज याच आठवड्यात लेखी द्या, पोच घ्या.

वकिलांना आणखी एक सुचवा. त्या दवाखान्याचं ऑपरेशन रजिस्टर आयोगामार्फत मागवा. पस्तिशीच्या आतल्या, अशाच तक्रारीच्या किती बायकांना तिथं थेट टेबलावर घेतलं, हे त्यातून मोजता येतं. जिल्ह्याच्या आकड्यापेक्षा हे बहिणीच्या किती तरी जवळचं आहे. जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या आकड्याची खरी जागा जनहित याचिकेत. तिथं 'कोणती बाई' हे सिद्ध करावं लागत नाही. अशाच एका याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2023 मध्ये सर्व राज्यांना या शस्त्रक्रियेची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं.

प्रश्न (औद्योगिक वसाहतीलगतचं गाव, छत्रपती संभाजीनगर): 3,000 वस्तीच्या आमच्या गावात पाच वर्षांत सात जणांना कॅन्सर झाला. कारखान्यावर दावा लावावा का?

उत्तर: आधी हिशेब करू. सोयीसाठी वर्षाला लाखामागं 60 नवे रुग्ण धरा. 3,000 माणसांत पाच वर्षांत नऊ येतात. तुमचे सात त्याच्या आतच आहेत. मात्र सातही जणांना एकच, एरवी दुर्मीळ प्रकारचा कॅन्सर असेल, किंवा सगळे एकाच बोअरचं पाणी पिणारे असतील, तर चित्र पालटतं. म्हणून प्रत्येकाचा बायोप्सी रिपोर्ट, वय, गावात किती वर्षं राहणं, काम, तंबाखू हे सगळं लिहून काढा. कारखाना कधी सुरू झाला तेही बघा. बहुतेक कॅन्सरना दहा-वीस वर्षं लागतात. कालच्या धुराचा आजचा कॅन्सर कोर्टात मानला जाणार नाही. तुलनेला बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी उपयोगी पडते. ती 1987 पासूनची आहे आणि भूम, परंडाही तिच्यात येतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात भरपाईची मुदत पाच वर्षांची, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न (वकील, लातूर): रुग्णालयातल्या संशयास्पद मृत्यूंच्या वेळी आरोपी परिचारिकाच ड्यूटीवर होती. 'हा योगायोग असण्याची शक्यता कोटीत एक' असं तज्ज्ञाकडून नोंदवून घ्यावं का?

उत्तर: कृपा करून नको. नेदरलँड्समध्ये लुसिया डी बर्क या परिचारिकेविरुद्ध असाच आकडा मांडला गेला होता: 34 कोटी 20 लाखांत एक. 2003 मध्ये तिला जन्मठेप झाली. 2010 मध्ये ती निर्दोष सुटली. मधली वर्षं कोण परत देणार? तो आकडा उभा करतानाच खोट होती. कोणता मृत्यू संशयास्पद, हे ठरवताना ती हजर होती का याकडं बघितलं गेलं. आणि निर्दोष बाईच्या बाबतीत असा योगायोग दुर्मीळ असला, म्हणून ती निर्दोष असणंही तेवढंच दुर्मीळ, असं होत नाही. तज्ज्ञाकडून एवढंच विचारून घ्या: तिच्या रात्रपाळ्या किती, अत्यवस्थ रुग्ण तिच्याकडंच दिले जात होते का, आणि ती नसतानाचे मृत्यू त्याच कसोटीवर कोणी तपासले का?

प्रश्न (पीएसएमची, म्हणजे प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्राची निवासी डॉक्टर, अंबाजोगाई): तज्ज्ञ म्हणून अशी साक्ष द्यायला कोणती पदवी लागते? मोबदला कसा घ्यावा?

उत्तर: भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 39 मध्ये विशेष ज्ञान म्हटलंय, पदवीचं नाव नाही. मात्र तज्ज्ञानं मताबरोबर आधार आणि कारणं दिलीच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये रमेशचंद्र अग्रवाल प्रकरणात सांगितलंय. तेव्हा अहवालाला कच्चे तक्ते जोडत जा. फी तासांवर आणि लेखी ठरवा. भरपाईत टक्का कुणी देऊ केला, तर ते काम घेऊ नका.