वाचक विचारतात : आजोबांच्या नावाचा रेडिओ

प्रश्न : आजोबांची ट्रंक आवरताना पासबुकाएवढी एक पुस्तिका सापडली. तिच्यात दरवर्षी चिकटवलेली तिकिटे आणि त्यांवर पोस्टाचे शिक्के आहेत. रेडिओ ऐकण्यासाठी खरोखर परवाना लागत असे का? आई सांगते, की तेव्हा सगळे घर रेडिओभोवती बसत असे. हे कितपत खरे मानावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : परवाना लागत असे, आणि तो नुसत्या ऐकण्याचा नव्हता. 1933 च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार परवान्यावाचून असे यंत्र घरात बाळगणे हाच गुन्हा होता. 1927 साली मुंबईत एका खासगी कंपनीने नियमित प्रसारण सुरू केले, तेव्हा वार्षिक शुल्क 10 रुपये होते. तेवढ्या उत्पन्नावर कंपनीचा निभाव लागला नाही आणि 1930 साली सरकारने प्रसारण आपल्या हाती घेतले. पुढे साध्या घरगुती संचासाठी वर्षाला 15 रुपये पोस्टात भरावे लागत. 1980 च्या दशकात हे शुल्क रद्द झाले आणि अशा पुस्तिका ट्रंकेच्या तळाशी गेल्या.

ती पुस्तिका टाकून देऊ नका, कारण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्या पहिल्याच पानावर आहे. परवाना एकाच्या नावाचा असे, ते नाव बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाचे असे, आणि ज्याचे नाव त्यानेच रेडिओचा कान पिळायचा, हा अलिखित नियम होता. व्हॉल्व्हचा, म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, तो जड संच भिंतीतल्या फळीवर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, विणलेल्या रुमालाखाली झाकलेला असे. आमच्या घरी आजोबा आधी रुमालाची घडी करून बाजूला ठेवीत, मग बटण फिरवीत, आणि आतले व्हॉल्व्ह तापून तापलेल्या धुळीचा वास येईपर्यंत आम्ही श्वास रोखून संचावरच्या त्या हिरव्या डोळ्यासारख्या दिव्याकडे पाहत राहत असू. डोळा नीट मिटत आला, की केंद्र बरोबर लागले असे समजायचे. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली जाळीची एरियल हलवणे एवढेच काम आमच्या वाट्याला येई.

तेव्हा आपल्या आईची आठवण खोटी नाही, पण ती बाहेरच्या खोलीची आठवण आहे. तिथे सगळे खरोखर एकत्र बसत, ते ठरावीक प्रसंगी. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले आणि वर्षभराहून थोडा अधिक काळ दर आठवड्याला एक याप्रमाणे 56 गीते प्रसारित झाली. त्या वेळी अनेक घरांत रेडिओला हार घालून उदबत्ती लावत, हे अनेकांनी लिहून ठेवले आहे. मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकामालेतले टेकाडे भावजी, मीना वहिनी आणि पंत हे तर शेजारी राहत असल्यासारखेच वाटत, आणि त्यांच्या बोलण्यावरून आपल्या घरातल्या माणसाला सहज टोमणा मारता येई. एरवी मात्र घरातल्या बायका स्वयंपाकघरातूनच ऐकत. पोळ्या लाटताना, धान्य निवडताना कान बाहेर लावून ठेवता येतो, ही रेडिओची मोठी सोय होती. डोळे आणि हात मोकळे ठेवणारे दुसरे करमणुकीचे साधन त्या घरांत नव्हते. तरीही दुपारच्या वनिता मंडळासाठी संच लावायचा, तर कर्ता पुरुष कचेरीत गेलेला असावा लागे, हे गोड आठवणींत कोणी सांगत नाही.

माझ्या मते रेडिओचे घरातले खरे काम करमणुकीचे नव्हतेच, ते घड्याळाचे होते. 1974 पासून संस्कृत बातम्या सुरू झाल्या, आणि सकाळी सहा पंचावन्नला ‘इयम् आकाशवाणी’ हे शब्द कानी पडले, की ज्यांना त्यापुढचे अवाक्षर कळत नसे त्यांनाही दूध तापवायला ठेवायची वेळ कळत असे. सात पाचला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या सुरू होईपर्यंत आंघोळ झालेली नसली, तर शाळेची वेळ चुकली म्हणून समजावे. भिंतीवरचे घड्याळ मागे पडले, तर तेही रेडिओच्या वेळेवरच लावत.

रेडिओवरची कर्त्या पुरुषाची सत्ता मोडली ती ट्रान्झिस्टरने. त्याला भिंतीतली वायर लागत नसे, तापायला वेळ लागत नसे आणि तो फळीवरून उतरून मोरीच्या कठड्यावर, गोठ्यात, अभ्यासाच्या टेबलावर जाऊन बसला. आमच्या आजीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने केंद्र लावले, ते अशाच एका दोन बँडच्या ट्रान्झिस्टरवर. सेल मंद झाले, की ती ते काढून उन्हात ठेवी आणि संध्याकाळच्या कीर्तनापुरता त्यांतून जीव काढी. परवाना त्या ट्रान्झिस्टरलाही लागत असे, आणि तो आजोबांच्याच नावावर होता. पण सुई कुठे थांबवायची हे आता आजी ठरवू लागली होती.

प्रश्न : दिवसा न लागणारी दूरची केंद्रे रात्री स्वच्छ ऐकू येत, असे वडील सांगतात. हा भास असावा का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : भास नाही. वातावरणाच्या वरच्या भागातील विद्युतभारित थरांपैकी सर्वांत खालचा थर दिवसा उन्हामुळे तयार होतो आणि मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला, की तो विरतो; मग त्याच लहरी अधिक वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात. रेडिओ सिलोन या श्रीलंकेतल्या केंद्राची गोष्ट थोडी वेगळी, कारण ती लघुलहरींवर येई, आणि लघुलहरी मुळातच अशा उड्या घेत लांब जातात. बाळकृष्ण केसकर माहितीमंत्री असताना आकाशवाणीने चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली होती, म्हणून 1952 पासून बुधवारी रात्री आठला अमीन सयानींच्या गीतमाला या चित्रपटगीतांना क्रमांक देणाऱ्या कार्यक्रमासाठी सगळे सिलोनकडे वळत. ती गर्दी पाहूनच 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करावी लागली. आवाज लाटेसारखा चढे आणि बुडे, तो परावर्तन करणारे थर सतत हलत असल्यामुळे. नेमके पहिल्या क्रमांकाचे गाणे जाहीर होताना तो बुडे, ही तक्रार मात्र विज्ञानाला सोडवता येणार नाही.